लाल कुटार

उभी हयात मी पोरांना रंग शिकवले. राजापेठेतल्या शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो, त्यामुळे रंगाच्या बाबतीत कोणी माझ्याशी वाद घातलेला मला खपत नाही. म्हणूनच प्रणालीने नांदगाव पेठच्या रस्त्यावरच्या नर्सरीतून आणलेली पिशवी व्हरांड्यात उलटी केली आणि लाकडाचे लालभडक तुकडे फरशीवर पसरले, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"हा कोणता रंग म्हणायचा?" मी विचारलं.

"लाल."

"लाल म्हणजे? कुंकू लाल असतं, वीट लाल असते, टमाटरही लाल असतं. हे कशातच बसत नाही."

"बाबा, हे झाडांच्या बुडाशी टाकायचं आहे. याचं चित्र नाही काढायचं."

प्रणाली माझी मुलगी. नोकरी पुण्याची. तिची आई, म्हणजे माझी सुभद्रा, गेल्या श्रावणात गेली, आणि तेव्हापासून प्रणाली कंपनीला सांगून अमरावतीला येऊन राहिली आहे. कानाला फोनचं यंत्र लावून दिवसभर कंपनीशी इंग्रजीत बोलते आणि मधल्या वेळात माझ्यावर पहारा देते. मी गोळ्या घेतल्या का, गॅस बंद केला का, दुपारी उन्हात गेलो होतो का. माझ्यावर लक्ष ठेवून तिचं समाधान झालं असावं, कारण चैत्र लागल्यावर तिची नजर अंगणाकडे वळली.

घरापुढे जी थोडी जागा आहे तिच्यात सुभद्राने मोगऱ्याचा वाफा केला, गुलाब लावले, कढीपत्ता लावला आणि कोपऱ्यात संत्र्याचं एक झाड. एखाद्याला वाटेल, लावलं की झालं. पण आमच्याकडचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला विचारा. चैत्रात काळी माती अशी तडकते की भेगेत बोट जातं. मग झाडाच्या बुडाशी काहीतरी अंथरावं लागतं, म्हणजे ऊन थेट मातीला लागत नाही आणि सकाळी दिलेलं पाणी संध्याकाळपर्यंत टिकतं. शेतकी पुस्तकात त्याला आच्छादन म्हणतात, नर्सरीवाले मल्च म्हणतात. आमच्या घरात त्याला एकच शब्द होता, कुटार.

कुटार तुरीचं. तूर काढली की दाणे वेगळे होतात आणि मागे शेंगांची टरफलं, पाला, बारीक काड्या उरतात. गावाकडे ते जनावरांना घालतात. सुभद्राचं माहेर मूर्तिजापूरजवळचं, आणि तिचा धाकटा भाऊ बंडू दरवर्षी होळी झाली की तिथून पोती भरून कुटार आणायचा. पूर्वी एसटीच्या टपावर टाकून, पुढे टप गेले तेव्हा मागच्या डिकीत कोंबून. कंडक्टरशी त्याचं दरवर्षीचं भांडण ठरलेलं. "गाडीत जनावराचा चारा न्यायचा नाई," कंडक्टर म्हणायचा. "चारा नोहे साहेब, बहिणीचं हाये," बंडू म्हणायचा. कंडक्टर कपाळाला हात लावून घंटी मारायचा.

मला ते कुटार कधीच आवडलं नाही, स्पष्टच सांगतो. वारा सुटला की घरभर. सदऱ्यात गेलं की अंग खाजतं. कॉलनीतल्या एका गायीला त्याचा वास अचूक लागायचा. फाटक जरा उघडं राहिलं की ती थेट मोगऱ्यात आणि मी शाळेची पट्टी घेऊन तिच्या मागे. लोकांचे मेव्हणे बहिणीसाठी साडी आणतात, पेढे आणतात. आमचा चारा आणायचा. मी दरवर्षी त्याला म्हणायचो, "बंडू, बहिणीले म्हैस समजतं काय रे?" तो हसायचा आणि सुभद्रा माझ्याकडे रागाने बघायची.

पोतं मात्र ती दुसऱ्या कोणाला सोडू देत नसे. स्वतः सुतळी सोडायची, बांगड्या मागे सारायची आणि हात कोपरापर्यंत आत घालायची. कारण त्या कुटाराच्या पोटात ज्वारीचे धापोडे, म्हणजे मोठाले पापड, असत. आधी तिची आई करायची, ती गेल्यावर बंडूची बायको मैना करू लागली. परातीएवढे आणि इतके पातळ की आमच्या रस्त्यांवरून एसटीने आणले तर नुसता चुरा हाती लागावा. पण कुटारात पुरून आणले की एकही मोडत नसे. सुभद्रा डोळे मिटून चाचपडायची. हाताला फडकं लागलं की तिचा चेहरा शाळेतल्या पोरीसारखा व्हायचा. मग तिथेच पोत्याजवळ बसून बंडूला प्रश्न. विहिरीला पाणी किती आहे, कोणती गाय व्याली, बंद पडलेली शकुंतला रेल्वे पुन्हा सुरू होणार म्हणतात ते खरं का. कुटार वाफ्यात जाईपर्यंत दुपार उलटायची.

आणि परत जाताना पोती रिकामी जात नसत. झाडाची संत्री, प्रणालीचे आखूड झालेले फ्रॉक, माझ्या शाळेतले उरलेले खडू, काही ना काही ती भरायचीच. रिकामं पोतं पाठवलं तर ते परत कशाला येईल, असं तिचं म्हणणं असायचं.

यंदा होळी झाली आणि बंडू आला नाही. का आला नाही ते मला कळत होतं. बहीण नाही तर त्या घरी कुटार न्यायचं कोणासाठी, असं त्याला वाटलं असणार. मी फोन करून 'ये' म्हणू शकलो असतो. पण आमच्यात तशी पद्धत नव्हती. बोलावणं सुभद्रा करायची, मी फक्त थट्टा करायचो. इकडे वाफ्यातलं गेल्या वर्षीचं कुटार कुजून मातीत मिसळलं होतं. सुभद्राने स्वतःच्या हाताने पसरलेलं ते शेवटचं. माती उघडी पडली आणि मोगरा दुपारच्या वेळी माना टाकायला लागला.

माझी कुरकुर थांबेना तेव्हा प्रणाली मला स्कूटीवर मागे बसवून थेट त्या नर्सरीतच घेऊन गेली. नर्सरीचा मालक किशोर माझा जुना विद्यार्थी निघाला. चित्रकलेत अगदी बेताचा, पण माणूस सरळ. त्याने आम्हाला दोन ढीग दाखवले, एक रंगवलेला आणि एक साधा, लाकडाच्याच रंगाचा.

"सर, साधं घेतलं तं ते कुजते, त्याची माती होते, झाडाले खायले भेटते," तो म्हणाला. "पन दरवर्षी भर टाकावी लागते. रंगवलेलं म्हनजे जुन्या पेट्यायचं, फळ्यायचं लाकूड. बारीक करून रंगवतात. मातीले त्याच्यातून काही भेटत नाई, पन दिसते मस्त आन् लय दिवस टिकते."

"रंग कशाचा आहे?"

"आयर्न ऑक्साइड. झाडाले काही होत नाई त्यानं."

"म्हणजे आपली हुरमुंजीच की."

हुरमुंजी म्हणजे पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो तांबडा रंग. मी आयुष्यातलं पहिलं चित्र त्याच रंगाने गोठ्याच्या भिंतीवर काढलं होतं आणि वडिलांचा मार खाल्ला होता. मी हे किशोरला सांगायला लागलो, पण प्रणालीला घाई होती. साध्या ढिगाकडे तिने धड पाहिलंही नाही.

"लालच द्या," ती म्हणाली. "दरवर्षी आणायला नको."

ते 'दरवर्षी आणायला नको' माझ्या मनात रुतून बसलं. घरी आल्यावर राहवलं नाही.

"तुला कुटार नको आहे की मामा नको आहे?" मी जरा कडकच विचारलं.

ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली. "मामा कशाला नको असेल मला? पण तो पोतं घेऊन आला की ते सोडणार कोण, बाबा? तुम्ही सोडणार? मी सोडू? मला नाही बघवणार ते. लाल टाकलं की अंगण वेगळं दिसेल. आईचं वाटणार नाही. मला तेच हवंय."

मी पेपर उघडून तोंडापुढे धरला. काय वाचलं ते विचारू नका. आठ महिने पोरगी माझ्या गोळ्या मोजत होती, आणि तिच्या मनात काय चाललंय हे मी एकदाही विचारलं नव्हतं. लाल तर लाल, मी मनाशी म्हटलं. वाफा काय, तिने निळा केला तरी चालेल.

रामनवमीला बंडूचा फोन आला.

"भाऊजी, बरे हा न?"

"बरा हाये. तू?"

"मी बी. तूर काढून झाली. कुटार पडलं हाये."

इथे 'घेऊन ये' म्हणायचं होतं. शब्द तोंडात आले होते. पण आतल्या खोलीत प्रणाली होती, तिचा तो दारातला चेहरा आठवला, आणि मी आपला नेहमीचा सूर लावला.

"अरे, तुह्या कुटाराले आता कोन विचारते? तुह्या भाचीले लाल पाह्यजे. बजारातलं."

"लाल?"

"लाकडाचे तुकडे, रंगवलेले. आन् रंग तरी कोनता, तं हुरमुंजी. बैलाच्या शिंगाची."

"बरं," बंडू म्हणाला. मग पुन्हा, "लाल. बरं." आणि फोन ठेवला.

माझी थट्टा चालायची ती सुभद्रा रागाने बघायची म्हणून. ती समोर नसताना तेच बोलणं नुसतं लागतं, हे फोन ठेवल्यावर कळलं. फार वाईट वाटलं. पुन्हा फोन लावावा म्हणून हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

किशोरची पोती शनिवारी आली. ती फाटकाशी रचून ठेवली आणि प्रणालीच्या सुटीच्या दिवशी, म्हणजे रविवारी, टाकायचं ठरलं. रविवारी सकाळी मी दूध तापवत होतो तेव्हा बाहेर कोणीतरी जोरात बोलताना ऐकू आलं. जाऊन पाहतो तर ऑटोवाला.

"काका, सगळी सीट लाल केली तुमी माही."

ऑटोतून बंडू उतरत होता. दोन्ही हात मनगटापर्यंत तांबडे, पायजम्यावर डाग, एका कानाच्या पाळीलाही रंग. शेल्याने सीट पुसून त्याने ऑटोवाल्याची समजूत काढली, दोन पोती ओढत फाटकातून आत आणली, आणि तिथे रचलेली किशोरची पोती पाहून थांबला.

"आलं काय तुमचं?"

"कालच आलं."

"मले उशीर झाला मंग. ऊन दाखोलं तरी वाळेच ना लवकर."

"काय वाळेना?"

त्याने एका पोत्याचं तोंड सोडून दाखवलं. आत कुटार होतं. तुरीचं कुटार, लाल केलेलं.

"दिवाईनंतर बैल इकून टाकले, भाऊजी," तो सांगू लागला. "ट्रॅक्टरनंच होते आता सारं. हुरमुंजी घरात तशीच पडून होती. रंग हाये आन् शिंगं नाई. मंग ताडपत्री हातरली, पान्यात रंग कालोला आन् कुटार बुचकयून काढलं. मैना म्हने, पागल झाले का तुमी, कुटाराले कोनी रंगवते का? म्या म्हटलं, त्यायले लाल पाह्यजे. लाल असलं म्हनजे आपल्याले जाता येते."

शेवटचं वाक्य तो अगदी सहज बोलला. ज्याला मी इतकी वर्षं म्हशीवरून चिडवलं, तो माझ्या दारात यायला मिळावं म्हणून बैलांचा रंग कुटाराला लावून आला होता.

तोवर प्रणाली बाहेर आली होती. तिने सगळं ऐकलं असावं, कारण ती व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी होती आणि खाली उतरत नव्हती.

"पाह्य बाई, तुह्या पसंतीचं आनलं," बंडू तिला म्हणाला. उत्तराची वाट न बघता त्याने पोतं उचललं आणि मोगऱ्याच्या बुडाशी रिकामं केलं. हाताने सारखं केलं, रोपाच्या खोडापासून जरा दूर ठेवलं, सुभद्रा ठेवायची तसंच. मास्तर म्हणून सांगतो, रंग चांगला होता. कुठे गडद, कुठे फिकट, मध्येच एखादी काडी तशीच पिवळी राहिलेली. नर्सरीतला लाल त्याच्यापुढे प्लॅस्टिकचा वाटला.

"आता थोडं पानी मारा, म्हनजे बसते खाली," बंडू म्हणाला, आणि मी नळी सुरू केली.

पाणी पडलं तशी हुरमुंजी सुटली. वाफ्यातून तांबडे ओघळ निघाले, पांढऱ्या फरशीवर आले, तिथून फाटकाखालून रस्त्यावर गेले. शेजारच्या गच्चीवरून सहदेव काका ओरडले, "उत्तमराव, कोनाले लागलं काय? येऊ काय खाली?" मी नळी बंद करेपर्यंत अर्धं अंगण लाल झालं होतं आणि कुटार आपल्या मूळ रंगावर यायला लागलं होतं.

बंडूचा चेहरा उतरला. खांद्यावरचा शेला काढून तो फरशी पुसू लागला. जितकं पुसावं तितका रंग पसरत होता.

"शिंगाले तेलात कालोतो आपन," तो खाली बघतच म्हणाला. "एवढ्या कुटाराले तेल कुठून आनू म्हनून पान्यात कालोली. चुकलं माहं. हे दुसरं पोतं वापस नेतो. तुमी आपलं बजारातलंच टाका. ते सुटत नाई."

तो दुसऱ्या पोत्याकडे गेला आणि ते उचलू लागला.

"मामा, ठेव ते खाली," प्रणाली म्हणाली.

ती पायऱ्या उतरून आली. लाल पाण्यातूनच आली, पायाचे ठसे उमटवत. पोत्यापुढे उकिडवी बसली, सुतळीची गाठ सोडली, बाही वर सारली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. डोळे मिटलेले. तिला कोणी शिकवलं नव्हतं. लहानपणी आईच्या पाठीला टेकून तिने ते पाहिलं होतं, तेवढंच. माझा हात नळीवर तसाच राहिला. क्षणभर मला सुभद्राच दिसली, खोटं कशाला बोलू.

तिच्या हाताला काहीतरी लागलं. तिने फडक्यात बांधलेली चळत बाहेर काढली. फडकं तांबडं झालं होतं, आतले धापोडे मात्र पांढरेशुभ्र, एकही न मोडलेला. ती ते मांडीवर घेऊन बसली आणि रडायला लागली. श्रावणापासून मी तिला इतकं मोकळं रडताना पाहिलं नव्हतं.

"मला वाटलं होतं, यंदा नसतील," ती म्हणाली.

बंडू गोंधळून गेला. "काहून नाई? मैनानं केले न. तुही आई गेली म्हनून का धापोडे करू नाई? तू हायेस न अथी."

प्रणालीने हाताच्या पाठीने डोळे पुसले, त्यामुळे तिच्या गालावरही हुरमुंजी लागली.

"मामा, पुढच्या वर्षी रंग नको लावू," ती म्हणाली. "साधंच आण."

बंडूने मान हलवली आणि शेल्याचं तांबडं टोक डोळ्यांना लावलं.

दुसरं पोतं गुलाबांना आणि संत्र्याला पुरलं. पसरताना प्रणालीने त्याला विहिरीचं विचारलं, गायींचं विचारलं, आणि शकुंतलेचंही विचारलं. दुपारी तिने धापोडे भाजले, वर तेल आणि तिखट लावून आम्ही तिघांनी खाल्ले. किशोरला मी फोन केला. तो हसला आणि म्हणाला, सर, संध्याकाळी टेम्पो पाठवून पोती नेतो वापस. गायीची सोय काय करायची हा प्रश्न तेवढा उरला. पट्टी कुठे ठेवली आहे ते मी शोधणार आहे.

उन्हं उतरल्यावर बंडू निघाला. रिकामी पोती झटकून त्याने घडी केली आणि काखेत मारली.

"आन इकडे," मी म्हटलं.

संत्र्याला मृग बहाराची थोडी फळं राहिली होती. मी ती तोडली. वरची हाताला येईनात तर प्रणाली स्टूलावर चढली. पोत्याच्या तळाला जेमतेम येतील एवढीच निघाली. तेव्हा मी घरात गेलो आणि उरलेल्या खडूंची पेटी आणून तीही आत टाकली. खडूंचं बंडू काय करणार होता, देव जाणे. सुतळी मी स्वतः बांधली. सुभद्रा बांधायची तशी गाठ मला जमत नाही.

"एवढं काहून, भाऊजी?" बंडू म्हणाला.

"पोतं आमचं हाये, ध्यानात ठेव. होळी झाली की वापस आनून दे."

"पोतं तं माहं हाये."

"आता आमचं झालं," मी म्हटलं. "आन् रिकामं आनू नको."